‘आभारप्रदर्शनाचं मीस’ बरोबर वाटतं का?

माडावाडा
आमच्या गोव्यातल्या वाड्यावरच्या कपेलाचं, म्हणजे छोट्या चर्चचं, फेस्त (सण) जवळ आलंय. रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोंकणीतली पत्रिका छापून झाली. वाड्यावर मराठी वाचणारी घरंही बरीच, म्हणून चार ओळी मराठीतही काढायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. मूळ शब्द आहेत ‘देवाक अर्गां दिवपाचें मीस’, म्हणजे पीक घरात आल्यावर देवाचे आभार मानायची चर्चमधली उपासना. मी लिहिलं, ‘आभारप्रदर्शनाचं मीस’. शेजारच्या निवृत्त मराठी शिक्षिकेने ते वाचून लगेच काट मारली. म्हणाल्या, “आभारप्रदर्शन सभेच्या शेवटी होतं, लोक चपला शोधायला लागले की. देवापुढे कसलं प्रदर्शन?” ‘कृतज्ञता’ लिहिलं तर वाड्यावरची म्हातारी माणसं अडखळतील. काय लिहू?

नगरकडचा
उपकारस्तुती. मी नोकरीनिमित्त म्हापशाला असतो, पण आमच्या नगरकडच्या मराठी ख्रिस्ती घरांत हा शब्द लहान मुलालाही कळतो. 136वं स्तोत्र मराठीत सुरूच होतं ते ‘परमेश्वराचे उपकारस्मरण करा’ असं. सुगी झाली की लोक चर्चमध्ये पायलीभर बाजरी, भोपळा, कुणी पाय बांधलेली कोंबडी घेऊन येतात. भक्ती संपली की अंगणात त्याचा लिलाव होतो. तीच आमची उपकारस्तुती.

शेवंती
बाईंचा आक्षेप मला मान्य नाही. मराठी पवित्र शास्त्रात फिलिप्पैकरांच्या पत्रात ‘आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा’ असंच आहे. सभासंमेलनांनी शब्द वापरून झिजवला म्हणून तो देवाला चालेनासा होतो का?

माडावाडा
पण शेवंतीताई, पत्रिका वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माइक धरलेला सूत्रसंचालकच येणार ना?

हरमलकर
त्याआधी ‘मीस’, ‘फेस्त’, ‘कपेल’ हे मराठीत कशाला? प्रार्थना, उत्सव, प्रार्थनामंदिर हे शब्द काय वाईट आहेत? चारशे वर्षांपूर्वी थॉमस स्टीफन्ससारखा इंग्रज पाद्री गोव्यातल्या साष्टीत बसून ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ रचतो आणि स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणतो. 1616 साली त्याला जमलं ते आपल्याला का जमू नये?

खुरसाकडे
हरमलकर काका, त्याच ख्रिस्तपुराणात पोर्तुगीज शब्दही आहेत. आणि मीस म्हणजे नुसती प्रार्थना नव्हे. मिसाला पाद्री लागतो, ओल्तार म्हणजे वेदी लागते, भाकर आणि द्राक्षारस लागतो. लदीनही प्रार्थनाच, पण ती वाड्यावरची माणसं खुरसासमोर, म्हणजे क्रुसासमोर, उभी राहून गातात, पाद्री असो वा नसो. मे महिन्यात आमच्या खुरसाला चुना लावतात, अबोलीच्या माळा घालतात, एक जण व्हायोलिन घेऊन येतो. म्हातारे ‘ओरा प्रो नोबिस’ लॅटिनमध्येच म्हणतात आणि सूर सोडत नाहीत. शेवटी कागदाच्या पुडीत उकडलेले चणे, मोठ्यांना घोटभर फेणी. या दोन्हींना तुम्ही ‘प्रार्थना’ म्हणालात तर कुठे काय आहे हे माणसाला कळणार कसं?

हरमलकर
मग कंसात अर्थ द्या. भाषा अशीच हातची जाते.

शेवंती
कंसात अर्थ द्यावा लागला तर तो परका शब्द. ‘फेस्त’ला गोव्यात कुणी कंस मागत नाही.

पाणवठा
‘अर्गां’बद्दल. माझ्या मते हा आपला ‘अर्घ’. अर्घ म्हणजे मोल; ‘महाग’ आला तो महार्घवरूनच. देवाला अर्घ्य देतो तेच हे. म्हणून कोंकणीत अर्गां ‘मानत’ नाहीत, ‘दितात’. आभार मानायला काही द्यावं लागत नाही. त्यामुळे मी तर ‘देवाला अर्घ्य’ असंच छापलं असतं.

खुरसाकडे
व्युत्पत्ती सुंदर आहे, पण अर्घ्य म्हटलं की सूर्याला पाणी सोडणारा माणूस दिसतो. आणि नुसत्या आवाजाच्या साम्यावर शब्द जोडू नयेत, मधल्या काळातला एखादा लेखी वापर दाखवा.

नगरकडचा
उपकारस्तुतीला कुणाची हरकत आहे का?

शेवंती
मला आहे. ‘उपकार’ इथल्या कानाला जड लागतो. कुणी मदत केली तर माझी आई ‘देव बरें करूं’ म्हणते. त्यात ना आभार, ना उपकार. समोरच्याचं भलं करायचं काम ती देवावर सोपवते. आता देवाचेच आभार मानायचे तर ‘देव बरें करूं’ कुणाला म्हणणार? म्हणून तिथे वेगळा ‘अर्गां’ हवाच.

हरमलकर
पीक आल्याबद्दल आहे ना? मग सरळ ‘नव्याची प्रार्थना’ म्हणा. गणपतीत नव्याची पंचम आपण करतोच.

खुरसाकडे
नवं वेगळं. त्याला कणसाचं फेस्त म्हणतात. राय गावाला 5 ऑगस्टला, ताळगावला 21 ऑगस्टला. पाद्री विळ्याने पहिली कणसं कापतो, आशीर्वाद देतो, लोक ती घरच्या ओल्तारावर ठेवतात. ते कापणीच्या आधीचं. माडावाडा लिहितायत ते पीक घरात आल्यावरचं.

पाणवठा
आधीचं असलं तरी देणंच की ते. पहिलं कणीस आपण खात नाही, हेच अर्घ.

हरमलकर
आमच्या सिंधुदुर्गातल्या नातेवाइकांकडे नवान्न कोजागिरीला असतं, तेव्हा दाणा भरलेला असतो. ऑगस्टात कणसात नुसतं दूध. ते नवं कसं म्हणायचं?

खुरसाकडे
खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतातला, कोरगुट भात आणि मोरडावरचं, म्हणजे उंच जमिनीवरचं, भात एका वेळी पिकतं का, काका? कुठल्या शेतातलं कणीस ते आधी सांगा.