मदत हवी आहे: टायपिंग-डीटीपीचं दुकान नुसत्या ब्राउझरवर चालेल का?

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावी कोर्टासमोर माझं टायपिंग-झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सीझनला लग्नपत्रिका आणि वर्षभर पासपोर्ट फोटो, असा कारभार. दोन कॉम्प्युटर. दोन्हींवर विंडोज ७, वर्ड २००७, फोटोशॉप ७, पानं लावायला पेजमेकर ७, चित्रं-पत्रिकांना कोरल, आणि डोंगल (मशीनला लावायची परवान्याची किल्ली) लावून चालणारे जुने मराठी फॉन्ट.

एका मशीनचा मदरबोर्ड गेलाय. रिपेअरवाला म्हणतो नवीन घ्या, पण त्यावर यातलं निम्मं चालेल की नाही याची खात्री तो देत नाही. सगळी सॉफ्टवेअर नव्याने विकत घ्यायची तर गल्ल्यात तेवढं नाही. पुण्यात नोकरी करणारा भाचा म्हणतो, "मावशी, आता काही इन्स्टॉल करायचंच नसतं, सगळं ब्राउझरमध्ये होतं." त्याला बोलायला काय जातं! त्याच्या ऑफिसात लाइट जात नाही आणि नेटही जात नाही. आमच्याकडे पावसाळ्यात दोन्ही जातात, आणि नेमकी तेव्हाच वकीलसाहेबांना घाई असते.

तर विचारायचं असं की टायपिंग गूगल डॉक्सवर नेलं तर जुन्या फायलींचं काय? नेट गेलं तर काम थांबणार का? फोटोचं आणि पेजमेकरचं काम वेबवर कशात करतात? आणि गिऱ्हाइकांची आधार, पॅन, दाखले हे सगळं आमच्या हातातून जातं, ते वेबसाइटवर चढवणं कितपत बरं? मला प्रोग्रामिंग वगैरे येत नाही. टायपिंग मात्र झोपेत पण येतं.

जोडाक्षर

ताई, सॉफ्टवेअर डेस्कटॉपवर की वेबवर हा प्रश्न नंतरचा. तुमची खरी अडचण फॉन्टची आहे. डोंगलवाले जुने फॉन्ट युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला एकच कोड देणारी जागतिक पद्धत) नाहीत. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड साठवलेले असतात, फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. ती फाइल गूगल डॉक्समध्ये उघडली की नुसती अगम्य अक्षरं दिसतील, कारण तिथे आपला फॉन्ट चढवायची सोय नाही.

त्यामुळे आधी युनिकोड. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड (सरकारी प्रमाण मांडणी) आधीपासून आहे, विंडोज १० च्या २०१९ च्या आवृत्तीपासून फोनेटिकही (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांतून टाइप करायचा) आला. इतक्या वर्षांची बोटांची सवय मोडायला जड जाईल, पण त्याला इलाज नाही. जुना मजकूर रूपांतर करून देणारे कन्व्हर्टर मिळतात. त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. शिवाय रफार आणि 'वाऱ्या', 'दुसऱ्या' मधला ऱ्य या जागा हमखास चुकतात. मजकुरात मध्ये इंग्रजी शब्द किंवा गट नंबर असेल तर कन्व्हर्टर त्याचीही मराठी करून ठेवतो. प्रतिज्ञापत्रात गट नंबर बदलला तर काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

म्हणून सगळ्या जुन्या फायली बदलायच्या फंदात पडू नका. नेहमी लागणारे दहापंधरा मसुदे युनिकोडमध्ये नव्याने टाइप करा. बाकीच्यांची पीडीएफ काढून ठेवा.

बोरूबहाद्दर

जोडाक्षर यांच्याशी सहमत. नेटबद्दल लिहितो.

गूगल डॉक्स नेटशिवाय चालतं, पण आधी तयारी करावी लागते. क्रोम किंवा एजमध्ये डॉक्सचं ऑफलाइन एक्स्टेन्शन टाकायचं, ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये ऑफलाइन सुरू करायचं, आणि लागणाऱ्या मसुद्यांवर 'ऑफलाइन उपलब्ध' ही खूण करायची. हे नेट असतानाच. नेट गेल्यावर आठवलं तर उपयोग नाही. मग नेट नसताना टाइप करा, नेट आलं की आपोआप वर जाईल.

आता वाईट बातमी. विंडोज ७ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, २०२३ च्या सुरुवातीची. त्यापुढचं क्रोम त्या मशीनवर चढत नाही. म्हणजे उरलेल्या जुन्या मशीनवर 'सगळं ब्राउझरमध्ये' करायला गेलात तर ब्राउझरच म्हातारा! भाच्याला हे सांगा. आणि नवीन म्हणून कोणी विंडोज १० चं सेकंडहँड मशीन गळ्यात मारत असेल तर लक्षात ठेवा, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

निवांत

मी उलटं सांगतो. ब्राउझरच्या नादी लागूच नका. जुन्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही सिस्टीम टाका, त्यात लिबर ऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं), इंकस्केप (कोरलसारखं), स्क्राइबस (पेजमेकरसारखं). सगळं फुकट, सगळं आपल्या डिस्कवर, नेट असो नसो. लिबर ऑफिसचा ड्रॉ पेजमेकरच्या ६ आणि ७ च्या फायली उघडतो, कोरलच्याही बऱ्याच उघडतो. गूगलच्या फुकट खात्यात १५ जीबी जागा, तीसुद्धा जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळ्यांत मिळून. दुकानाच्या स्कॅन फायलींनी ती भरायला किती वेळ लागणार?

जोडाक्षर

@निवांत, पेजमेकरची फाइल उघडेल, पण आतला मजकूर त्याच जुन्या कोडमध्ये असणार ना? फॉन्ट नसेल तर तिथेही तेच अगम्य. बाकी मुद्दा रास्त आहे. 'फुकट' याचा अर्थ नेहमी 'वेबवर' असा नसतो, हे लोक विसरतात.

कात्रीकाम

माझा फोटो स्टुडिओ आहे, तेव्हा फोटोपुरतं बोलते. फोटोपी वापरा. ब्राउझरमध्ये चालतं, चेहरामोहरा अगदी फोटोशॉपसारखा, शॉर्टकटही बरेचसे तेच, फोटोशॉपची पीएसडी फाइल थेट उघडतं. बाजूला जाहिराती दिसतात, तेवढं सोसायचं. मुख्य म्हणजे फोटो त्यांच्या सर्व्हरवर जात नाही, सगळं काम आपल्याच मशीनवर होतं. ३.५ बाय ४.५ सेंमीचे आठ फोटो ४ बाय ६ इंची कागदावर बसवलेली एक पीएसडी करून ठेवा, दर वेळी फक्त फोटो बदलायचा. प्रिंट काढताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद ठेवा आणि स्केल १०० टक्के. नाहीतर फोटो दोन-तीन मिलिमीटरने आक्रसतो आणि फॉर्म परत येतो.

फॉर्मसाठी '५० केबीच्या आत फोटो' मागतात ना, त्याला स्कूश. हेही ब्राउझरमध्येच, आणि इथेही फोटो बाहेर जात नाही.

एखादी साइट फाइल बाहेर पाठवते का ते पाहायची माझी पद्धत सांगते. पान पूर्ण उघडू द्या, मग नेट बंद करा, आणि एखादा बिनमहत्त्वाचा फोटो टाकून पाहा. काम झालं तर ते तुमच्याच मशीनवर झालं. अडकून पडलं तर तिथे आधार कार्ड टाकायचं नाही. 'पीडीएफ लहान करा', 'पीडीएफ जोडा' म्हणणाऱ्या पुष्कळ साइट फाइल स्वतःकडे मागवून घेतात. जोडतोडीसाठी पीडीएफसॅम बेसिक मशीनवर टाकून घ्या. इथे मी निवांतरावांच्या बाजूची.

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. नेट बंद करून पाहायची युक्ती आजच करून पाहिली. फोटोपी चाललं! आम्ही इतके दिवस दाखले ज्या साइटवर लहान करायचो ती मात्र गोल गोल फिरत बसली. ती उद्यापासून बंद.

टायपिंगचं मनावर घेते. पण पत्रिका आणि शाळेच्या स्मरणिकेचं काय? ऑफसेटवाला पीडीएफ चालेल म्हणतो, फ्लेक्सवाल्याला मात्र कोरलची सीडीआर फाइलच हवी. आणि उधारीची एक्सेल शीट आहे, तिच्यात कोणीतरी मॅक्रो (आपोआप काम करणारे छोटे प्रोग्राम) टाकून दिलेत.

बोरूबहाद्दर

मॅक्रो गूगल शीट्समध्ये चालणार नाहीत, तिथली भाषाच वेगळी. उधारीला मॅक्रो कशाला हवेत पण? नाव, तारीख, रक्कम, जमा. साध्या बेरजा-वजाबाक्यांवर भागेल.

स्मरणिका डॉक्समध्ये करू नका. साध्या प्रश्नपत्रिकेला ते ठीक, दोन कॉलम होतात, तक्ते होतात. पण पुस्तकासारखी समोरासमोरची पानं, आतला-बाहेरचा समास, ही त्याची कामं नव्हेत. आणखी एक, डॉक्सच्या पीडीएफमधला काळा रंग आरजीबीतला, म्हणजे पडद्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्याच्या हिशेबातला असतो. एकरंगी छपाईला काही बिघडत नाही. चार रंगांत मात्र प्रेसवाल्याने नीट बदलून घेतलं नाही तर बारीक अक्षर चारही प्लेटांवर उतरतं आणि जरा प्लेटांची नोंदणी (एकावर एक नेमकं बसणं) हलली की धूसर दिसतं. त्या कामाला स्क्राइबस बरा, सीएमवायके (छपाईचे चार रंग) त्याला कळतं. शिकायला वेळ लागेल हे खरं.

जोडाक्षर

पत्रिकेसाठी कॅनव्हा बघा. मुक्ता, बलू, मोदक, तिरो देवनागरी मराठी हे मोकळे युनिकोड फॉन्ट गूगल फॉन्ट्सवरून मिळतात. तिरोमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत, लग्नपत्रिकेवर हिंदी वळणाचा श बघून नाक मुरडणाऱ्या मंडळींसाठी उत्तम. कॅनव्हात स्वतःचा फॉन्ट चढवायला आणि सीएमवायके पीडीएफला पैसे पडतात, तेव्हा आधी त्यांच्या यादीतले फॉन्ट चाळा. फ्लेक्सवाल्यालाही एकदा पीडीएफ देऊन पाहा, 'सीडीआरच' हे पुष्कळदा सवयीने म्हणतात.

मूळ लेखिका

ठरवलंय असं. नवीन मशीन घेते, त्यावर टायपिंग, फोटो आणि उधारी. जुनं मशीन पेजमेकर आणि कोरलपुरतं ठेवते, डोंगल त्यालाच. या सीझनच्या पत्रिका तिथेच करीन, कॅनव्हा फावल्या वेळात. जुन्या मशीनचं नेट काढून टाकू का?

निवांत

काढाच. फायली पेन ड्राइव्हने न्या-आणा, नवीन मशीनवर व्हायरससाठी स्कॅन करून. पण त्याआधी जुन्या हार्ड डिस्कची पूर्ण इमेज (जशीच्या तशी प्रत) दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. क्लोनझिला फुकट आहे, रिपेअरवाल्याला माहीत असेल. एका मशीनचा मदरबोर्ड गेलाय, दुसरं त्याच वयाचं आहे.

बोरूबहाद्दर

आणि दुकानाचं गूगल खातं वेगळं काढा, भाच्याच्या नावावर नको. टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) लावा, रिकव्हरीला घरातला दुसरा नंबर द्या.