सर्व्हर-साइड जावा: आधी पुस्तकातलं सर्व्हलेट, की थेट स्प्रिंग बूट?

गोदाकाठ (धागाकर्ता)

कॉलेज रोडच्या अभ्यासिकेत थर्ड इयरच्या एका मुलाने ग्रंथालयातून सर्व्हलेट-जेएसपीचं जाडजूड पुस्तक आणलं. (सर्व्हलेट म्हणजे सर्व्हरवर बसून ब्राउझरला उत्तर देणारा जावाचा क्लास, जेएसपी म्हणजे त्याच्या जोडीने वेबपान बनवायची पद्धत.) मित्रांनी लगेच सांगितलं, "रद्दीत घाल, स्प्रिंग बूटचे व्हिडिओ लाव." स्प्रिंग बूट म्हणजे तेच काम सोपं करून देणारी तयार चौकट. मला हा सल्ला साफ चुकीचा वाटतो, म्हणून हा धागा.

ब्राउझरकडून आलेली रिक्वेस्ट टॉमकॅट (सर्व्हलेट चालवणारा सर्व्हर) घेतो, तिचं ऑब्जेक्ट बनवून आपल्या डूगेट किंवा डूपोस्ट मेथडच्या हातात देतो, उत्तर आपण लिहायचं. एचटीटीपीला मागची रिक्वेस्ट लक्षात राहत नाही, म्हणून जेसेशनआयडी नावाची कुकी ये-जा करते आणि लॉगिन टिकतं. पुस्तक हे सगळं क्रमाने, न गाळता सांगतं. व्हिडिओत समोरचा टाइप करत सुटतो आणि आपण माना डोलावतो. शिवाय स्प्रिंग एमव्हीसी, म्हणजे स्प्रिंगचा वेबचा भाग, त्याच्या दारात उभा असलेला डिस्पॅचर सर्व्हलेट हासुद्धा सर्व्हलेटच आहे. म्हणजे त्यातून सुटका नाहीच.

सातपूरकर

असहमत. मी नोकरीत जावाच लिहितो. मुलाखतीत फ्रेशरला सर्व्हलेट लिहून दाखव असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही. रेस्ट एपीआय (एचटीटीपीवरून प्रोग्रॅमना माहिती देणं-घेणं), जेपीए (ऑब्जेक्टमधून डेटाबेसशी बोलणं), गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणं), एवढं विचारतात.

आणि ग्रंथालयातलं पुस्तक म्हणजे नेमकं कोणत्या काळातलं? ओरॅकलने २०१७ मध्ये जावा ईई (सर्व्हलेट ज्यात येतं तो जावाचा संच) एक्लिप्स फाउंडेशन या संस्थेकडे द्यायचं ठरवलं, पुढे नाव जकार्ता ईई झालं आणि २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये पॅकेजचं नावच 'जावाएक्स डॉट सर्व्हलेट'वरून 'जकार्ता डॉट सर्व्हलेट' झालं. आता जुनं पुस्तक समोर ठेवून पोरगं नवा टॉमकॅट १० टाकतं, पहिल्याच इम्पोर्टला (पॅकेज आत आणणाऱ्या ओळीला) लाल रेघ. स्पेलिंग बरोबर, पुस्तकात आहे तस्संच लिहिलंय, तरी चालत नाही. दिंडोरी-कळवणहून मराठी माध्यमात शिकून आलेला मुलगा इथे समजतो की आपल्यालाच जमत नाही. ही हानी मला फार मोठी वाटते.

गोदाकाठ

सातपूरकर, इम्पोर्टचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण त्याचा इलाज एका ओळीचा आहे: जुनं पुस्तक असेल तर टॉमकॅट ९ घ्या, त्यात जावाएक्स चालतं. पॅकेजचं नाव बदललं, आतली यंत्रणा तीच राहिली.

आता मुलाखतीबद्दल. एक उदाहरण घ्या. रुग्णालयाच्या अपॉइंटमेंटचा प्रोजेक्ट, अशी मिनी प्रोजेक्टं दरवर्षी होतात. क्लासमध्ये वर 'रुग्णाचं नाव' असं एक फील्ड ठेवलं, मेथडमध्ये ते फॉर्ममधून भरलं, डेटाबेसमध्ये नोंद केली, मग तेच नाव पावतीवर छापलं. एकट्याने तपासलं तर सगळं छान. पण टॉमकॅट त्या सर्व्हलेटचं एकच ऑब्जेक्ट बनवतो आणि येणारी प्रत्येक रिक्वेस्ट वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या वेगळ्या कामात, त्याच ऑब्जेक्टमध्ये सोडतो. सिडकोतल्या बाईंची नोंद होत असतानाच नाशिक रोडच्या आजोबांनी बटण दाबलं, तर आजोबांचं नाव बाईंच्या पावतीवर. नाव मेथडच्या आत, लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवलं की प्रश्न मिटतो.

स्प्रिंगमध्ये हे टळतं असं कोणाला वाटत असेल तर टळत नाही. रेस्ट कंट्रोलरही (स्प्रिंगमध्ये रिक्वेस्ट घेणारा क्लास) मुळात सिंगलटनच, म्हणजे एकच ऑब्जेक्ट, असतो, तीच चूक तिथेही तशीच घडते. फक्त तिथे ऑब्जेक्ट कोण बनवतं हे झाकलेलं असतं, त्यामुळे शोधायला जास्त त्रास होतो. सर्व्हलेटच्या पुस्तकात हे जीवनचक्राच्या प्रकरणातच येतं.

पंचवटीची मास्तरीण

मी शिकवते, म्हणून थोडं. गोदाकाठ, तुम्ही पुस्तकाची बाजू घेताय पण मुलं पुस्तक कसं वाचतात ते बघा. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी कोड जर्नलमध्ये उतरवतात. असं पुस्तक आणि असा व्हिडिओ, दोन्ही सारखेच.

माझ्या वर्गात मी एकच करायला लावते: फॉर्ममध्ये स्वतःचं नाव मराठीत भरा. टॉमकॅट ९ वर सबमिट केलं की 'ज्ञानेश्वर'चं कडबोळं होतं, कारण एन्कोडिंग (अक्षरं बाइट्समध्ये लिहायची पद्धत) सांगितलेलं नसेल तर पोस्टचा मजकूर आयएसओ ८८५९-१ समजून वाचला जातो. पॅरामीटर वाचायच्या आधी रिक्वेस्टवर यूटीएफ-८ सेट करायचं, नंतर केलं तर उपयोग शून्य. 'आधीच का?' हा प्रश्न पडला की मुलं आपणहून पुस्तक उघडतात.

सातपूरकर

मास्तरीणबाई, हे आवडलं. थ्रेडचं उदाहरणही चोख आहे, ते मी नाकारत नाही. पण माझा विरोध क्रमाला आहे. आधी चालणारं काहीतरी हातात येऊ द्या. लासलगावच्या कांद्याचे भाव दाखवणारं साधं पान स्प्रिंग बूटमध्ये एका दुपारी उभं राहतं, घरच्यांना दाखवता येतं. त्या उत्साहावर माणूस पुढची जाड प्रकरणं वाचतो. वेब डॉट एक्सएमएल फाइलमध्ये मॅपिंग (कोणत्या पत्त्याला कोणतं सर्व्हलेट) लिहीत बसला तर तिसऱ्या प्रकरणातच पुस्तक परत जातं. सर्व्हलेट ३.० ने २००९ मध्येच हे मॅपिंग थेट क्लासवर लिहायचं अ‍ॅनोटेशन दिलं, तरी कित्येक वर्गांत अजून एक्सएमएल घोकून घेतात.

द्राक्षबाग

ज्याच्या पुस्तकावरून धागा निघाला तो मीच. दादा, मॅडम, पुस्तक जुनं आहे, जावाएक्सवालं. परत करू का? कॅम्पसला वर्ष आहे अजून.

सातपूरकर

परत कर. जकार्ता असलेली आवृत्ती मिळाली तर घे. लॅपटॉपवर जावा १७ किंवा पुढची टाक, स्प्रिंग बूट ३ ला त्याखालची चालत नाही.

गोदाकाठ

परत करू नकोस. टॉमकॅट ९ टाक आणि सर्व्हलेटचं जीवनचक्र, सेशन, फिल्टर (रिक्वेस्ट सर्व्हलेटपर्यंत जाण्याआधीचा तपासणीचा टप्पा) आणि जेडीबीसी (जावातून डेटाबेसशी बोलणं) एवढीच प्रकरणं कोड स्वतः टाइप करत संपव. जेडीबीसीत प्रिपेअर्ड स्टेटमेंटच (क्वेरी आणि मजकूर वेगळे ठेवायची पद्धत) वापर, फॉर्ममधला मजकूर थेट क्वेरीला जोडायची धोक्याची सवय लागली तर ती स्प्रिंगमध्येही सोबत येईल. जेएसपीचे टॅग आणि ईजेबी (जावा ईईमधला आणखी एक भाग) खुशाल सोड. मग सातपूरकरांचं कांद्याचं पान कर.

सातपूरकर

उलट क्रमाने कर, पण फिल्टरचं प्रकरण सोडू नकोस. स्प्रिंग सिक्युरिटी (स्प्रिंगमधलं लॉगिन-परवानग्यांचं काम) वेबच्या बाबतीत फिल्टरवर उभी आहे आणि ते मला पुस्तकाइतकं नीट कुठल्या व्हिडिओत सापडलेलं नाही.

द्राक्षबाग

फिल्टरवर दोघांचं एकमत दिसतंय, आज रात्री तिथूनच सुरुवात करतो. टॉमकॅट ९ डाउनलोडला लावलाय.