अल्कोहोल-फ्री असलं की झालं?

कुणीतरी लिहिलंय की बाळाला पुसायला अल्कोहोल आणि वास नसलेले वाइप्स (पाकिटातले ओले टिश्यू) घेतले की डायपरच्या जागी येणाऱ्या रॅशचा प्रश्नच मिटतो. निम्मंच पटलं. पाकीट महिनोन्‌महिने ओलं राहायचं तर त्यात बुरशी धरू नये म्हणून काहीतरी प्रिझर्व्हेटिव्ह घालावंच लागतं. त्यातलं मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे ॲलर्जीसाठी चांगलंच बदनाम आहे. युरोपात २०१७ पासून, न धुता अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत (वाइप्स त्यातच आले) ते घालायला बंदी आहे. तेव्हा पाकिटाच्या पुढच्या 'जेंटल'पेक्षा मागची बारीक अक्षरं वाचा.

माझ्या लेकीला चौथ्या महिन्यात लाल चट्टे आले, तेव्हा मी डायपरलाच दोष देत बसले. दोन ब्रँड बदलून झाले. मग लक्षात आलं की माझीही उजव्या हाताची बोटं खाजताहेत, सालं निघताहेत. वाइप धरायचा हात तोच! वाइप्स बंद केले, आठवड्याभरात दोघींचं थांबलं. तेव्हापासून थर्मासमध्ये कोमट पाणी आणि आजोबांच्या जुन्या मऊ धोतराचे तुकडे. नुसती शू असेल तर ओल्या फडक्याने टिपून घ्यायचं, घासायचं नाही. शी असेल तर सरळ मोरीत नेऊन मगाने धुवायचं, मुलींना पुढून मागेच. जांघेतल्या वळ्या कोरड्या झाल्याशिवाय नवा डायपर बांधत नाही. पावडर तर नकोच, ती बाळाच्या श्वासात जाते (सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही). प्रवासात मात्र वाइप्स नेते, खोटं कशाला बोलू.