मदत हवी आहे: आईला आरए (रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, सांध्यांचा संधिवात) निघाला, बहिणीची जीन टेस्ट करावी का?

नमस्कार मंडळी, परभणीहून लिहायलोय. आईचं वय ५२, सकाळी ज्वारीचं पीठ मळायला बसली की बोटं मिटतच नाहीत, नऊ-दहा वाजले की जरा मोकळी होतात, मग म्हणते आता बरंय, कामून उगं डॉक्टरकडं नेतो. इथं एकांनी आरए फॅक्टर केला, निगेटिव्ह आला, म्हणाले संधिवात नाही वयामानानं होतं, आणि बरेच महिने नुसत्या दुखायच्या गोळ्यांवर गेले. शेवटी संभाजीनगरला दाखवलं तर अँटी-सीसीपी, म्हणजे आरएचीच दुसरी रक्ततपासणी, चांगलीच पॉझिटिव्ह. मेथोट्रेक्सेट चालूये, आठवड्यातून एकदा, सोबत फॉलिक ॲसिड, फरक पडायलाय.

प्रश्न बहिणीचा आहे. वय २४, सोयरिकीचं चालूये आणि मावशीनं चार ठिकाणी बोलून ठेवलंय की हे दुखणं रक्तातूनच येतं. हिचा गुडघा अधूनमधून दुखतो. लॅबवाला म्हणायलाय एचएलए बी२७ करून घ्या, जीनचं कळून जाईल. नेटवर बघितलं तर तिथं डीआरबी१ आणि पीटीपीएन२२ अशी दुसऱ्याच जीन्सची नावं लिहिलीयेत. नेमकी कोणती करायची? पॉझिटिव्ह आली तर पोरगी आजारी धरायची का, आधीच औषध सुरू करता येतं का? घरात सिगारेट माझ्याशिवाय कुणी ओढत नाही.

प्रतिसाद:
भाऊ, बी२७ करू नका, ती मणक्याच्या आजारासाठी असते, अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस. आईच्या आजाराशी तिचं देणंघेणं नाही. डीआरबी१चे काही प्रकार असले की सीसीपी पॉझिटिव्ह आरएची शक्यता वाढते हे खरंय, पण तेच प्रकार ठणठणीत माणसांतही भरपूर सापडतात. एकसारख्या जुळ्यांत जीन्स सगळे तेच, तरी एकाला आरए असला तर दुसऱ्याला व्हायचं प्रमाण साधारण १५ टक्केच. पीटीपीएन२२ चा तो बदल जास्त करून युरोपियन लोकांत दिसतो, आपल्याकडं फार कमी.

होतं काय, प्रथिनांतला आर्जिनिन नावाचा घटक बदलून सिट्रुलिन होतो. डीआरबी१चे ते प्रकार असे बदललेले तुकडे घट्ट धरून शरीराच्या संरक्षण करणाऱ्या टी पेशींना दाखवतात आणि मग त्यांच्याच जोडीच्या बी पेशी त्याविरुद्ध अँटीबॉडी करत बसतात, तीच अँटी-सीसीपी. सांधे सुजायच्या कितीतरी वर्षं आधीपासून ती रक्तात असू शकते. आणि सिगारेटच्या धुरानं फुप्फुसात हाच बदल वाढतो, जीन आणि धूर दोन्ही एकत्र आले की धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त होतो. म्हणजे घरात आधी सुधारायचं कुणी ते तुम्हीच बघा 🙂

नुसत्या जीनवर कुणी औषध देत नाही. बहिणीला सकाळी बोटं आखडतात का, मनगट किंवा बोटांचे सांधे सुजतात का? असेल तर आईच्याच डॉक्टरांना दाखवा, सीसीपी तपासायची का ते सांगतील. नसेल तर पैसे वाचवा.

धागाकर्ता:
ताई आत्ताच विचारलं, आखडत नाहीत, सूज पण नाही, गुडघा फक्त जिना चढताना. सिगारेटचं आईनं पण ऐकलं, मेलो मी. पण मावशीला काय सांगू, तिला जुळ्यांचं गणित पटणार नाही.

प्रतिसाद:
सख्खी मावशी ना? मग आईशी रक्ताचं नातं जेवढं तुमच्या बहिणीचं तेवढंच तिचंही. तिच्या पोरींच्या सोयरिकी व्हायच्यात का विचारा फक्त.