सभा गाजली, उमेदवार पडला

तिरकस

निवडणुकीचा धुरळा उडाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "काय बोलला राव, मैदान मारलं!" मैदान मारलं असेल. मतदारसंघ मारला का, हे विचारायला कोणी थांबत नाही. माझं म्हणणं असं की महाराष्ट्राने वक्तृत्वाचे नको तितके लाड केलेत. भाषणाला गर्दी होते, टाळ्या पडतात, घरी जाताना लोक दोन वाक्यं पाठ करून नेतात. मत मात्र उसाचं बिल कोणी वेळेवर काढलं, सोसायटीचं कर्ज कोणी अडवलं, बदलीसाठी कोणी फोन फिरवला आणि उमेदवार कोणत्या जातीचा, यावर पडतं.

२०१९ ची लोकसभा आठवा. राज ठाकरेंनी स्वतःचा एकही उमेदवार उभा न करता भाजपविरोधात राज्यभर सभा घेतल्या. "लाव रे तो व्हिडिओ" शाळकरी पोरांच्याही तोंडी बसलं. मेळघाटातलं हरिसाल डिजिटल गाव म्हणून सरकारी जाहिरातीत मिरवलं जात होतं. त्या जाहिरातीतला तरुणच त्यांनी व्यासपीठावर आणून उभा केला. इतकं नेमकं सादरीकरण मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. निकाल? भाजप-शिवसेना युतीला ४८ पैकी ४१ जागा. नांदेडला सभा झाली, अशोक चव्हाण पडले. सोलापूरला झाली, सुशीलकुमार शिंदे पडले.

हे आजचंच आहे असंही नाही. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला आडवं केलं, त्याचं श्रेय आपण आचार्य अत्र्यांच्या जिभेला देतो. मग १९६२ मध्ये त्या जिभेला काय झालं? तीच धार, तोच त्यांचा 'मराठा' पेपर, तीच "गेल्या दहा हजार वर्षांत"ची मापं. आणि काँग्रेसला २६४ पैकी २१५. मधे १ मे १९६० उजाडला होता. मागणी पूर्ण झाली आणि भाषणाखालची जमीनच गेली. बाळासाहेबांचा शिवाजी पार्कचा पहिला दसरा मेळावा १९६६ चा, राज्यात सत्ता १९९५ ला. मधली सगळी वर्षं ते काय कमी चांगलं बोलत होते?

माझी कसोटी साधी आहे. भाषण कागदावर उतरवा आणि आवाज, हातवारे, गर्दी सगळं वजा करून वाचा. बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण आज कुठूनही उघडा. राजकारणातली विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते हा त्यातला इशारा वाचायला ना लाऊडस्पीकर लागतो, ना नाट्यमय विराम. या कसोटीवर गाजलेली किती भाषणं टिकतील? आणि निव्वळ भाषणाने फिरलेला एक तरी निकाल दाखवा. एकच.

कृष्णाकाठ

घ्या की. सातारा, १८ ऑक्टोबर २०१९.

लोकसभेची पोटनिवडणूक होती. उदयनराजे राष्ट्रवादी सोडून भाजपमध्ये गेलेले, समोर श्रीनिवास पाटील. मी त्या संध्याकाळी जिल्हा परिषदेच्या मैदानात होतो. पवारसाहेब बोलत असताना पाऊस धो धो आला. लोकांनी बसायच्या खुर्च्या उलट्या करून डोक्यावर धरल्या, पण मैदान सोडलं नाही. ७८ वर्षांचा माणूस भिजत उभा. पवारांचं बोलणं तसं आळणी, सगळ्यांना माहीत आहे. शब्द गिळतात, वाक्य अर्धवट सोडतात. पण त्या दिवशी ते म्हणाले की लोकसभेला उमेदवार निवडताना माझी चूक झाली, आणि ती दुरुस्त करायची संधी मी शोधत होतो. भिजलेल्या माणसाच्या तोंडून ते ऐकताना माझ्या शेजारचा म्हातारा नुसता मान हलवत होता.

तीन दिवसांनी मतदान. श्रीनिवास पाटील ८७ हजारांच्या वर मतांनी निवडून आले. आता सांगा, उसाचं बिल त्या तीन दिवसांत निघालं होतं का?

आणि तुमच्या यादीत रायगड, सातारा कसे नाहीत? राज ठाकरेंची सभा महाडलाही झाली, साताऱ्यालाही झाली. दोन्हीकडे आघाडीच आली. सोयीची तेवढी नावं घ्यायची आणि वर इतरांकडे दाखले मागायचे, हे काही खरं नाही.

तिरकस

सातारा २०१४ लाही राष्ट्रवादीकडेच होता, तेव्हा तो सोडा. रायगडला तटकरे स्वतः तगडे होते.

पावसाचं म्हणाल, तर वारं आधीच फिरलं होतं. सप्टेंबरच्या शेवटी ईडीच्या प्रकरणात नाव आलं, त्यावर "मीच येतो तुमच्या कार्यालयात" असा पवित्रा पवारांनी घेतला, आणि तिथून सहानुभूती सुरू झाली. पक्षांतर सातारकरांना रुचलं नव्हतंच. पावसाने त्या सगळ्याला फोटो दिला. पण फोटो म्हणजे वक्तृत्व नव्हे. उद्या ढगांनाही वक्ते म्हणायचं का?

कृष्णाकाठ

भिजत उभं राहायचं की गाडीत जाऊन बसायचं, हे ढगांनी ठरवलं नव्हतं.

भोंगा

राजकारण राहू द्या, मी स्पीकरवाला आहे. मंडप आणि साउंड हा आमचा वडिलांपासूनचा धंदा, सगळ्या पक्षांची बिलं थकलेली आहेत म्हणून निःपक्षपाती समजा.

"काय विराम घेतो!" म्हणून तुम्ही ज्याचं कौतुक करता ना, त्यातला निम्मा विराम मैदानाने शिकवलेला असतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे शंभर मीटरवरच्या माणसाला शब्द सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा उशिरा पोचतो. पूर्वी बांबूला ठिकठिकाणी कर्णे बांधायचे. जवळचा कर्णा आधी ऐकू येणार, लांबचा नंतर, आणि दोन्ही एकमेकांवर चढणार. भरभर बोलणाऱ्याचा पार काला व्हायचा. म्हणून जुने सभावाले चार-पाच शब्द टाकायचे, थांबायचे, शेवटच्या शब्दावर जोर द्यायचे. "बंधूंनो… आणि… भगिनींनो" हे काय उगीच असं ओढत म्हणत नव्हते.

आता लांबच्या टॉवरला डिले लावतो आम्ही, म्हणजे तिथला आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतो, सगळीकडे आवाज जुळून येतो. गरज संपली, पण नवी पोरं तो जुना सूर तसाच मारतात. वीस बाय तीसच्या मंगल कार्यालयात दीडशे माणसांसमोर शिवाजी पार्कचा आवाज! कानठळ्या बसतात.

हशाचंही तसंच. मुरलेला माणूस हशा पूर्ण संपू देत नाही. तो उतरणीला लागला की पुढचं वाक्य टाकतो. कच्चा माणूस हशातच बोलून जातो आणि त्याचं खरं वाक्य वाया जातं. मिक्सरवर बसून हे डोळे मिटूनही कळतं.

रात्रपाळी

भोंगा यांचा प्रतिसाद कापून ठेवावा असा.

मी बरीच वर्षं सभांच्या बातम्या लिहिल्या. तिरकस यांची कागदाची कसोटी मला मुळात चुकीची वाटते. मैदानात ज्या वाक्यावर पाच मिनिटं गोंधळ झाला, ते रात्री टाइप करताना अगदी मेलेलं दिसायचं, हे शंभर टक्के खरं. बाळासाहेबांच्या भाषणात तर हे फार व्हायचं. "तमाम हिंदू बांधवांनो, भगिनींनो आणि मातांनो" हे छापून काय हाती लागतं? पण म्हणून मैदानातले हजारो लोक मूर्ख नव्हते. त्यांना माहिती नको होती, ती सकाळी पेपरात मिळणारच होती. आपल्यासारखे आणखी किती आहेत हे त्यांना बघायचं होतं. सभेत वक्ता लोकांना ऐकवतो त्यापेक्षा लोकांना लोक दाखवतो. दुसऱ्या दिवशी शाखेत कोण किती वाजता येतं, यात त्याचा परिणाम दिसायचा. तो आकडा निवडणूक आयोगाच्या तक्त्यात कुठून येणार?

मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. हशा वक्त्याला ओढत नेतो. एप्रिल २०१३, राज्यात भीषण दुष्काळ, इंदापूर तालुक्यातली सभा. उजनीच्या पाण्यासाठी आझाद मैदानावर उपोषणाला बसलेल्या माणसाची अजित पवारांनी खिल्ली उडवली आणि धरणात पाणी नसेल तर काय करायचं यावर ते जे बोलले, ते महाराष्ट्र विसरलेला नाही. समोर लोक हसत होते, हे त्या चित्रफितीत ऐकू येतं. समोरचे हसले म्हणून गाडी पुढे गेली. मग सभागृहात माफी, आणि कराडला यशवंतरावांच्या समाधीपाशी आत्मक्लेश. आर. आर. पाटलांचं तर व्यासपीठही नव्हतं. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर पत्रकारांसमोर मोठ्या शहरांबद्दलचं एक वाक्य हिंदीत निसटलं आणि १ डिसेंबर २००८ ला गृहमंत्रिपद गेलं. इतका साधा, लोकांतला माणूस. भाषणाने निवडणूक जिंकता येत नसेलही, खुर्ची मात्र एका वाक्यात जाते. तेव्हा "नको तितके लाड" वगैरे जरा जपून.

बत्ताशा

शालेय वक्तृत्व स्पर्धांवर बंदी घाला, निम्मा प्रश्न सुटेल. "सन्माननीय व्यासपीठ, व्यासपीठावर विराजमान…" इथून सुरुवात, मधे एक शेर, मग सह्याद्री, मग मूठ आवळून शेवट. आवाजाला गुण, हावभावांना गुण, पाठांतराला गुण. समोरच्याला काही पटलं का, याला शून्य. हीच पोरं पुढे जिल्हा परिषदेला उभी राहतात.

चूलमूल नाही

वाचतेय मघापासून. अत्रे, बाळासाहेब, पवार, राज. आत्तापर्यंत एकही बाई आलेली नाही, म्हणून लिहिते.

पुरुष ओरडला की "तोफ धडाडली". बाई त्याच पट्टीत बोलली की "किंचाळते". ग्रामसभेत मी पाण्याच्या टाकीच्या खर्चाचा हिशेब मागितला तेव्हा पहिला शेरा आला, "ताई, जरा शांतपणे बोला." माझ्याआधी उपसरपंच टेबलावर हात आपटत होते, त्यांना कोणी शांत केलं नव्हतं. तेव्हा सादरीकरण हे निव्वळ कौशल्य नाही. कोणाचा आवाज वजनदार मानायचा हे आधीच ठरलेलं असतं.

मृणाल गोरे घ्या. गोरेगावच्या नळांपासून सुरुवात, बायका लाटणी घेऊन रस्त्यावर. १९७७ ला त्या मुंबईतून लोकसभेवर गेल्या तेव्हाची घोषणा होती, "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात." तिरकस, ही तुमच्या कागदावर टिकते की नाही? एका ओळीत दोन बायका, मृणालताई आणि इंदिरा गांधी, आणि शेवटच्या शब्दापर्यंत रोखून धरलेली टपली. पण ती नुसती यमकामुळे चालली नाही. 'पाणीवाली' हे नाव त्यांनी आधी कित्येक वर्षं हंडे-कळशांच्या मोर्चांत कमावलं होतं. दुसऱ्या कोणाला लावून बघा, पोकळ वाजेल.

एक प्रश्न भोंगा यांना. बाईचा आवाज स्पीकरवरून कर्कश येतो, तो खरंच तसा असतो की यंत्राचा दोष आहे?

उत्तरपूजा

अटलजींचं नाव कसं नाही आलं? मे १९९६, तेरा दिवसांचं सरकार. विश्वासदर्शक ठरावावरच्या चर्चेला उत्तर देताना त्यांना पक्कं माहीत होतं की आकडे नाहीत. तरी घाई नाही, चिडचिड नाही. लांब थांबणं, आणि शेवटी राष्ट्रपतींकडे राजीनामा द्यायला जातो म्हणून सांगणं. देशाने ते दूरदर्शनवर पाहिलं. सरकार गेलंच. पण १९९६ ला भाजपचे १६१ होते, ते १९९८ ला १८२ झाले.

तिरकस

१६१ चे १८२ व्हायला मधे देवेगौडा आणि गुजराल अशी दोन सरकारं कोसळावी लागली, आणि नवे मित्रपक्ष जोडावे लागले. नुसत्या विरामांवर एकवीस जागा आल्या असं म्हणायचं असेल तर माझा नाइलाज आहे.

रात्रपाळी यांचा मुद्दा वजनदार आहे, पण तो माझ्याच बाजूचा आहे. सभा म्हणजे लोकांना लोक दिसणं, हे मान्य. मग त्याचं श्रेय वक्त्याला का? शाखेत बाकडं टाकून बसणारा, रात्री अॅम्ब्युलन्स बोलावणारा गटप्रमुख ही शिवसेनेची खरी ताकद होती. मेळावा त्याचा वार्षिक उत्सव होता. उत्सवाने संघटना उभी राहिली असं आपण म्हणतो, कारण उत्सव दिसतो आणि बाकडं दिसत नाही. मृणालताईंबद्दल वरच्या ताईंनी नेमकं हेच लिहिलंय: नाव मोर्चांत कमावलं होतं, घोषणा नंतर आली.

साताऱ्यावर मात्र मी हटत नाही. तोच पाऊस, तेच शब्द, पण समोर पक्षांतर केलेला उमेदवार नसता तर काय झालं असतं?

कृष्णाकाठ

आणि तोच उमेदवार असून पवार भाषण आटोपतं घेऊन गाडीत बसले असते तर? दोन्ही 'जर-तर'च. माझा निदान समोर घडलेला आहे.

भोंगा

ताई, दोष बराचसा आमच्याकडे. कर्ण्यातून खर्ज जवळजवळ येतच नाही, वरचे सूर तेवढे टोचून येतात. पुरुषी आवाज त्यातून निभावतो, बारीक आवाजाची सुई होते. त्यात ऑपरेटर सकाळी आपल्याच आवाजात "हॅलो हॅलो माईक टेस्टिंग" करून सेटिंग लावतो आणि जेवायला जातो.

पुढच्या वेळी बोलायच्या आधी त्याला सांगा, ट्रेबल (म्हणजे हेच वरचे सूर) खाली घे. माईक तोंडापासून चार बोटांवर धरा, हातभर लांब नको. जवळ आला की आवाजाला वजन येतं. 'प' आणि 'फ' फुटत असतील तर किंचित तिरका धरा. आणि तुमच्याकडे तोंड करून एक छोटा स्पीकर मागा, त्याला मॉनिटर म्हणतात. स्वतःचं स्वतःला ऐकू आलं नाही की माणूस आपोआप ओरडायला लागतो, बाई असो की उपसरपंच. तो नाही म्हणाला तर त्याला सांगा, बिल निघणार नाही. लगेच लावेल.