चालू असलेल्या ओसीआरच्या कामाला आवर कसा घालावा?

प्रश्न
जुन्या दिवाळी अंकांची सुमारे ९०० स्कॅन केलेली पाने टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रामकडून (चित्रातील अक्षरे ओळखून मजकूर तयार करणारा) वाचून घेण्याचे काम काल रात्रीपासून माझ्या लिनक्स लॅपटॉपवर चालू आहे. एक्सआर्ग्ज या कमांडच्या (यादीतील प्रत्येक नावासाठी प्रोग्राम चालवणारी) साहाय्याने एका वेळी चार पाने लावली आहेत. कोअर चारच आणि मेमरी ८ जीबी, त्यामुळे ब्राउझर उघडायला अर्धा मिनिट लागतो आणि पंखा अखंड घोंघावतो. टॉपच्या यादीत दिसणाऱ्या चारही प्रोसेसना (चालू प्रोग्रामना) रीनाइस या कमांडने १९ हे नाइस मूल्य, म्हणजे सर्वांत खालचा अग्रक्रम, लावून पाहिले, परंतु काही मिनिटांतच सारे पूर्ववत झाले. काम न थांबवता त्याला आवर घालता येईल का?

उत्तर १
प्रत्येक पानासाठी टेसरॅक्टची नवी प्रोसेस जन्माला येते आणि पान संपताच ती जाते, म्हणून आपण लावलेला आकडाही तिच्याबरोबरच गेला. नाइस मूल्य पालकाकडून वारशाने मिळते, तेव्हा रीनाइस एक्सआर्ग्जच्या पीआयडीला (प्रोसेसच्या क्रमांकाला) लावावे. मात्र नाइस म्हणजे सीपीयूच्या रांगेतील क्रम, मर्यादा नव्हे. इतर कोणी रांगेत नसेल तर १९वाली प्रोसेसही पूर्ण कोअर वापरते. पंखा त्याने शांत होणार नाही.

उत्तर २
सीपीयूलिमिट वापरून पाहावे. ते प्रोसेसला आळीपाळीने थांबवण्याचा व पुढे चालू करण्याचा सिग्नल देत राहते. उपाय ओबडधोबड आहे, आणि मेमरी त्याने तसूभरही मोकळी होत नाही.

उत्तर ३
येथे सीग्रुपच (प्रोसेसच्या गटाला सीपीयू व मेमरीची मर्यादा घालणारी लिनक्सची सोय) हवा. सीग्रुपची आवृत्ती २ असल्यास सर्वांत वरच्या, मूळ गटाच्या सीग्रुप.सबट्री_कंट्रोल या फाइलमध्ये सीपीयू आणि मेमरी ही नावे आहेत ना, ते आधी पाहावे. मग सिस/एफएस/सीग्रुपखाली नवी डिरेक्टरी करून तिच्यातील सीपीयू.मॅक्समध्ये २००००० १००००० लिहावे, म्हणजे दर १ लाख मायक्रोसेकंदांत २ लाख, अर्थात दोन कोअरइतकाच वेळ मिळेल. मेमरी.हायमध्ये ३ जीबी ठेवावे, मेमरी.मॅक्समध्ये नव्हे, कारण मॅक्सची सीमा ओलांडली आणि मेमरी परत मिळवता आली नाही, तर प्रोसेस मारली जाते, हायमध्ये ती केवळ मंदावते. शेवटी एक्सआर्ग्जचा पीआयडी त्याच डिरेक्टरीतील सीग्रुप.प्रॉक्समध्ये लिहावा. आधीच घेतलेली मेमरी जुन्या गटाच्याच खात्यावर राहते, परंतु आपल्याकडे दर पानाला नवी प्रोसेस असल्याने ती अडचण आपोआप सुटते.

प्रश्नकर्ता
जमले. सुरुवातीला सूडो (प्रशासकाच्या हक्काने कमांड चालवणारा) लावून एको (मजकूर छापणारी कमांड) आणि > चिन्हाने फाइलमध्ये लिहायला गेलो, तर परवानगी नाकारली गेली, कारण फाइल उघडण्याचे काम सूडो नव्हे, माझे शेल (माझ्या कमांड चालवणारा प्रोग्राम) करत होते. सूडोसह टी (मिळालेला मजकूर स्वतः फाइलमध्ये लिहिणारी कमांड) वापरल्यावर लिहिले गेले. हाती असलेली चार पाने संपताच पंखा मंदावला.