मदत हवी आहे : तयार लायब्ररीने विंडोवर लावलेले लिसनर कसे काढावेत?

आमच्या एकपानी वेब ॲपमध्ये नकाशा दाखवणारी एक तयार जावास्क्रिप्ट लायब्ररी आहे. नकाशाचे दृश्य बंद केल्यावर त्याचे घटक डॉममधून (ब्राउझरने ठेवलेल्या पानाच्या रचनेतून) निघून जातात, मात्र लायब्ररीने विंडोवर लावलेले स्क्रोल आणि रिसाइझचे लिसनर, म्हणजे त्या घटना घडल्या की चालणारी फंक्शने, तसेच राहतात. दृश्य पुन्हा उघडले की त्यांत नव्यांची भर पडते आणि त्यांनी धरून ठेवलेली मेमरी मोकळी होत नाही.

लिसनर काढणाऱ्या रिमूव्हइव्हेंटलिसनरला लावताना दिलेले तेच फंक्शन आणि कॅप्चर या पर्यायाचे तेच मूल्य द्यावे लागते, पण येथील फंक्शने निनावी असून लायब्ररीच्या आतच तयार होतात. घटकाची प्रत करणाऱ्या क्लोननोडने केलेल्या प्रतीत जुने लिसनर येत नाहीत हे खरे, तरी विंडोची अशी प्रत करता येत नाही. लावलेले लिसनर दाखवणारे गेटइव्हेंटलिसनर्स ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्सच्या कन्सोलपुरतेच चालते. लायब्ररीत सगळे आवरून टाकणाऱ्या डिस्ट्रॉयसारखी सोय नाही, तिची फाइल आम्हांला बदलता येत नाही आणि पान रीलोड करणेही चालणार नाही.

आता विंडोचे लिसनर लावणारे ॲडइव्हेंटलिसनर तात्पुरते बदलून प्रत्येक लिसनरला ॲबॉर्टकंट्रोलरचा (रद्द करण्याची सूचना देणाऱ्या ऑब्जेक्टचा) सिग्नल जोडावा, म्हणजे एका ॲबॉर्टने सगळे निघतील, असा विचार आहे. परंतु लायब्ररी काही लिसनर सेटटाइमआउटने, म्हणजे थोड्या वेळाने, लावते आणि त्याच काळात आमचा स्वतःचा कोडही विंडोवर लिसनर लावत असतो. अशा वेळी सिग्नल केवळ लायब्ररीच्याच लिसनरना मिळेल याची खात्री कशी करावी, की नकाशा आयफ्रेममध्ये (पानात बसवलेल्या स्वतंत्र पानात, ज्याची विंडो वेगळी असते) ठेवणे हाच भरवशाचा मार्ग आहे?